मास्तरांची चाचणी

मास्तरांनी एकोणचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. हाताखालच्या माणसांना उठताबसता इतकं सुनावायचे की लोकांनी वैतागून हे नाव पाडलं. निवृत्तीनंतर सुनावायला मुलगा आणि सून एवढी दोनच माणसं उरली, आणि सुनेशी बोलणं चौदा महिने बंद होतं.

जेवायला तिघं एकाच टेबलावर बसायचे. "तुझ्या बायकोला सांग, मोरीचा नळ गळतोय," मास्तर म्हणायचे. बायको समोरच बसलेली असायची. "बाबांना सांग, प्लंबर उद्या येतोय," ती भातावर वरण ओतत म्हणायची. मुलगा खाली मान घालून घास चावायचा. निरोप पोचवण्याचे कष्टसुद्धा तो घ्यायचा नाही, दोघांना ऐकू येतच होतं.

भांडण वह्यांवरून झालं होतं. घर बदलताना सुनेने ग्रीसने माखलेल्या सव्वीस वह्या रद्दीत दिल्या. त्यांत जुन्या लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे होते. त्या लिफ्ट बनवणाऱ्या कंपन्या कधीच बुडाल्या होत्या, त्यामुळे कुठली वायर कुठे जाते हे त्या वह्यांखेरीज कुठेच लिहिलेलं नव्हतं. सुनेचं म्हणणं, "मी विचारलं होतं, टाकू का. टीव्हीवरून नजर न काढता 'हं' म्हणालात." मास्तरांचं म्हणणं, विचारलंच नाही. खरं काय ते टीव्हीलाच माहीत.

सुदैवाने त्यातले त्रेसष्ट नकाशे मास्तरांनी आधीच लॅपटॉपवर नव्याने काढून ठेवले होते. दोन बोटांनी, चार वर्षं खपून. अजूनही आठवड्याला एखादा फोन यायचा. "मास्तर, गिरणीतली मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकतेय." मास्तर लॅपटॉप उघडायचे, फोनवरच्या माणसाच्या अकलेचा उद्धार करायचे आणि अर्ध्या तासात लिफ्ट चालू करून द्यायचे. या फोनांवरच आपण जगतोय असं ते कधी बोलले नाहीत. पण फोन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी व्हायची, नाही आला की नाही.

लॅपटॉप अकरा वर्षांचा होता. बिजागरी तुटल्याने पडद्यामागे वीट लावावी लागे, आणि चालू व्हायला इतका वेळ घेई की मास्तर तेवढ्यात अंघोळ उरकून येत. एक दिवस आतून टकटक आवाज यायला लागला. मास्तरांनी त्याला कान लावला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय. हा आता फार दिवस काढत नाही."

"बॅकअप घ्यायला पाहिजे," मुलगा म्हणाला. "ही बघेल. दातांच्या दवाखान्यात सगळ्या एक्स-रेंचं तीच सांभाळते."

"तिने सांभाळलेलं बघितलंय मी," मास्तर म्हणाले.

सुनेने ताट उचललं आणि आत गेली. पण काम तिने अंगावर घेतलं. माणुसकी म्हणून नव्हे, या म्हाताऱ्याला एकदा गप्प करायचं म्हणून. तीन सॉफ्टवेअर तिने तपासली आणि जेवताना नवऱ्याच्या कानाशी तिन्हींचा पाढा वाचला. एक फुकट होतं, पण दर पाच मिनिटांनी जाहिरात दाखवायचं. दुसरं अख्खी डिस्क उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, पण या लॅपटॉपवर ते सुरूच होत नव्हतं. तिसरं वर्षाची वर्गणी घेऊन फायली इंटरनेटवर ठेवायचं.

"इंटरनेटवर म्हणजे कुठे, ते विचार," मास्तर म्हणाले.

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणावं."

"कंपनी बुडाली तर?"

"बाबांना सांग, कंपनीच्या आधी आपण बुडू."

तिसरं ठरलं. रविवारी सून तासभर लॅपटॉपसमोर बसली. मास्तर दारात पेपर घेऊन उभे होते, पान मात्र एकही उलटत नव्हतं. लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग होते, आणि नकाशे दुसऱ्या भागात होते. सॉफ्टवेअरला वेगळं सांगितलं नाही तर ते फक्त पहिल्या भागातल्या फायली उचलतं. फायली कुठे ठेवल्यात, एवढं सुनेने विचारायचं होतं. नाहीतर मास्तरांनी सांगायचं होतं. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पडद्यावर हिरवी खूण आली. सुनेने खुर्ची मागे सरकवली आणि नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "झालं म्हणावं."

मास्तरांचा हिरव्या दिव्यावर कधीच विश्वास नव्हता. लिफ्टचा नवा ब्रेक ते लिफ्ट पाडून बघितल्याशिवाय पास करत नसत. केबिनमध्ये माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवायची, लिफ्ट वरून सुसाट सोडायची आणि ब्रेक पकडतो का ते बघायचं. हाताखालच्यांना ते एकच गोष्ट घोकायला लावत: आत माणूस असताना चाचणी नाही. एकदा एक जण आळसाने स्वतःच केबिनमध्ये उभा राहिला, तर मास्तरांनी त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढून टाकलं होतं.

सोमवारी दोघं कामावर गेल्यावर मास्तरांनी लॅपटॉप उघडला. एखादी बिनकामाची फाईल पुसून परत आणून बघता आली असती. वाळूची पोती ती. ते त्यांना सुचलंही. पण मनात वह्या होत्या, आणि चौदा महिने चघळलेला राग होता. त्यांनी नकाशांचं अख्खं फोल्डर निवडलं आणि पुसलं. मग कचऱ्याची पेटीही रिकामी केली. आधाराला दुसरा दोर ठेवून ब्रेक तपासत नाहीत, असं त्यांनी स्वतःला ऐकवलं.

मग 'परत आणा' दाबलं. लाईटबिलं आली, नातलगांच्या लग्नाचे फोटो आले, वॉरंटीची कागदपत्रं आली. नकाशा एकही आला नाही.

आपण बरोबर ठरलो, याचा आनंद त्यांना झाला. खरंच झाला, अगदी दोनएक श्वासांपुरता. मग त्यांनी 'परत आणा' पुन्हा दाबलं.

दुरुस्तीच्या दुकानदाराने तीन दिवस झटून अकरा नकाशे परत आणले, मग डिस्कने मान टाकली. घरी तमाशा व्हायचा तो झाला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा दोघं थेट बोलले.

"काय ठेवायचं आणि काय नाही, ते एकदा विचारता येत नव्हतं?" मास्तर म्हणाले.

"दारात उभे होतात ना? तोंड होतं ना?"

"तुझं काम होतं ते."

"हो, माझं होतं. चुकले मी." सुनेचा आवाज चढला नाही, तेच मास्तरांना जड गेलं. "पण ते फोल्डर मी नाही पुसलं."



शनिवारी फोन आला. जुन्या इस्पितळातला मेकॅनिक होता. रोग्यांची लिफ्ट तळाशी बंद पडली होती आणि वर तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनचे रोगी खोळंबले होते. त्या लिफ्टचा नकाशा अकरांत नव्हता. मास्तर डोळे मिटून बसले आणि आठवून सांगू लागले. सुनेने न सांगता फोन स्पीकरवर टाकला आणि एका पाकिटाच्या पाठीवर लिहायला घेतलं.

"चौथ्या स्क्रूवरून पिवळी वायर दरवाज्याच्या स्विचला," मास्तर म्हणाले. मग थांबले. "पिवळी. का पांढरी."

"मास्तर, एक नक्की सांगा. चुकीची वायर लावली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालेल."

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. तिने नजर वळवली नाही.

"हात लावू नकोस," मास्तर फोनमध्ये म्हणाले. "मला आठवत नाही."

मास्तरांच्या तोंडून हे मेकॅनिकने कधी ऐकलं नव्हतं. बरं म्हणून त्याने फोन ठेवला.

सुनेने पेनाला टोपण लावलं. "माझी चूक पकडायची होती ना तुम्हाला," ती म्हणाली. "पकडलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन येऊन गेला असूनही, मास्तरांनी दाढी केली नाही.