विम्याच्या कागदावर मुलीचं नाव

सरांनी एकच नियम घातला होता. प्रश्न विचारायचा, मिळेल ते उत्तर लिहायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याचं चुकत असेल तरी सुधारायचं नाही. "आपण त्यांची समज मोजायला चाललोय. मोजता मोजता शिकवलंत तर मोजलंत काय?" असं ते म्हणाले होते. सर पुण्याकडचे, अर्थशास्त्राचे. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं, त्यामुळे सरांचा शब्द मला कायद्यासारखा वाटे.

अकोल्याच्या एका कापडगिरणीने त्या वर्षी कामगारांसाठी आजारपणाचा विमा काढला होता. प्रत्येकाने दोनांतला एक निवडायचा. पहिला एकट्याचा, म्हणजे कामगार आजारी पडला तर त्याचं औषधपाणी. दुसरा कुटुंबाचा, पगारातून थोडी जास्त कपात, पण बायकामुलांनाही डॉक्टर आणि दवाखाना. शनिवारपर्यंत गिरणीच्या खिडकीवर जाऊन सांगायचं होतं, नाहीतर वर्षभर बदल नाही. लोकांना हे किती कळलंय आणि ते काय निवडतायत, हे पाहायला आम्ही काही मुलं चाळीतून फिरत होतो.

लोकांनी विम्याची भिशी करून टाकली होती. आजारी पडलो नाही तर दिवाळीला पैसे परत मिळतात, असं पुष्कळांनी सांगितलं. एक जाडजूड विणकर मला म्हणाला, "मी तं कधी आजारीच पडत नाई. मंग मले बक्षीस देते का गिरणीवाले?" त्याच्या शेजाऱ्याने लगेच टोमणा मारला की याची बायकोच याला आजारी पाडंल, काळजी नको. सगळे हसले. मीही हसलो आणि 'समजले नाही' या रकान्यात खूण केली.

माझी पंचाईत पुढे होती. सरांनी चाळीतली जी घरं ठरवून दिली त्यांत माझ्या थोरल्या बहिणीचं घर आलं. मी तिला बाई म्हणत असे. तिवशाकडचं आमचं गाव सोडून मी तिच्याकडे राहून शिकत होतो. भाऊजी गिरणीत होते. त्यांची एकुलती मुलगी, चार-पाच वर्षांची, थंडी पडली की धापा टाकायची. तिच्या छातीतली घरघर मला अभ्यास करताना ऐकू येई. कुटुंबाचा विमा घ्यायचा तर तो याच घराने. पण भाऊजी एकट्याचा घेणार, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं होतं.

मी सरांना चाचरत म्हटलं, हे घर माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गेलो. शेजारून आणलेल्या खुर्चीवर सर बसले, मी चटईवर. बाई चुलीपाशी मुलीला मांडीवर घेऊन होती. मी प्रश्न वाचू लागलो. माझा आवाज मलाच परका वाटत होता. भाऊजींनी सगळी उत्तरं बरोबर दिली. नोकरी सुटली की विमा सुटतो. पैसे परत मिळत नाहीत. कुटुंबाच्या विम्यात पोरीलाही डॉक्टर मिळतो. इतकी बरोबर उत्तरं मला त्या चाळीत कुणी दिली नव्हती.

"मग कोणता घेणार?"

"एकट्याचा."

"का?"

भाऊजींनी चटईचं टोक सारखं केलं. आमच्या कागदावर कारणं छापलेली होती: कळत नाही, पगार पुरत नाही, गरज वाटत नाही. मी तीनही वाचली. तीनही वेळा त्यांनी मान हलवली. मुलगी खोकायला लागली. बाई तिची पाठ चोळत राहिली.

मग बाईच म्हणाली, "माह्यामुळं. आजाराच्या कागदावर पोरीचं नाव नाई पायजे मले."

मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. या मुलीच्या आधीची एक मुलगी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेली होती. दारातच तिथल्या माणसाने नाव विचारलं, बाईने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. दिवस मावळायच्या आत मुलगी गेली. तेव्हापासून बाई या मुलीचं नाव कुठल्याही दवाखान्यात सांगत नसे. वैद्याकडेही नुसती 'पोरगी' म्हणून न्यायची.

भाऊजी हळूच म्हणाले की आपण बुद्धाची दीक्षा घेतली, आता असं काही मानू नये. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "देव सोडले मी. ते पोरगी गेली, ते कशी सोडू?"

 मी कागद मिटला आणि म्हणालो, "सर, माझे प्रश्न संपले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, मी गल्लीत उभा राहतो म्हणाले आणि बाहेर गेले.

मला भाषण येत नव्हतं. मनात आलं ते विचारलं. "बाई, अमरावतीले नेली तवा ती किती दिवसाची आजारी होती?"

 उत्तर भाऊजींनी दिलं. जमिनीकडे बघत ते म्हणाले, "लई दिवसाची. तू म्हनत होती नेऊ, नेऊ. मी म्हनलं उतरंल ताप. खाडा पडंल, पगार कापतीन, म्हनून मी थांबवलं. डॉक्टरनं मले बाहेर बोलावून सांगितलं, उशीर झाला. नावानं नाई गेली ते."

बाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तू नावाले दोष देत होती. मी देऊ देला."

तिने मुलीला उचललं आणि शेजारणीकडे निघून गेली. भाऊजी तसेच बसून राहिले.  मी बाहेर आलो. सर पाठमोरे उभे होते, त्यांनी ऐकलं असावं. मी विचारलं, कारणापुढे काय लिहू? ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. तेच लिहा. पुढचं आपलं नाही."

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. भाऊजी न जेवताच रात्रपाळीला गेले. सकाळी ते एकट्याचाच विमा घेऊन येतील आणि विषय कायमचा मिटेल, असं मला सारखं वाटत होतं.

शनिवारी सकाळी पाळी सुटायच्या वेळी बाई मुलीला कडेवर घेऊन गिरणीच्या फाटकावर उभी राहिली. मी मागे होतो. भाऊजी रांगेत आले, तीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बायांना तिथे कुणी येऊ देत नसे, पण तिला कुणी हटकलं नाही. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, एकट्याचा की कुटुंबाचा. भाऊजी म्हणाले, कुटुंबाचा. मग त्याने नावं विचारली. भाऊजींनी स्वतःचं सांगितलं, बाईचं सांगितलं आणि ते अडखळले. मागची रांग कुरकुरू लागली. कारकुनाने टाक दौतीत बुडवला आणि वर पाहिलं.

मुलीचं नाव बाईने सांगितलं, बापाच्या नावासकट, मोठ्याने. लिहून होईपर्यंत ती टाकाकडे बघत होती. मग तिने मुलीचं तोंड पदराने पुसलं आणि घराच्या वाटेला लागली. भाऊजी तिच्या मागून चालत होते, पण घर येईपर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.