लोळा नसलेली घंटी

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपतोर, बाकीचं शिक्षण मेंढरांमागं. भुताखेतावर माझा कवडीचा इस्वास न्हाई. माझ्या पोरीच्या, सुनीताच्या अंगात येतंय असं म्हणणारांना मीच उंबऱ्यावरून हाकललंय. तरी हे लिहितोय...

सुनीताला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणले, हे वेड न्हाई, व्यक्तिमत्त्वाचा आजार हाय, लई टोकाचा. मनात भडका उठला की पोर स्वतःलाच इजा करती. नुसत्या गोळ्यांनी भागत न्हाई, सगळ्यांनी मिळून सांभाळायचं. मग तिथली सिस्टर नांदूरघाटजवळच्या आमच्या वस्तीवर यायला लागली. आम्हाला समोर बसवून म्हणली, "आबा, भडका उठला की सुनीताताई तुम्हाला बोलावतील. तुम्ही यायचं, शेजारी बसायचं. उपदेश नाही. मोबाईल नंबर द्या."

"त्यो डबा मी बाळगत न्हाई."

सुनीता हसली. "सिस्टर, आबाला मेंढीच्या घंटीबिगर काय कळतंय?"

"मग घंटीच ठरली!"

म्होरकी मेंढी मेल्यापासून तिची घंटी खुंटीलाच होती. ती दाराला टांगली. "तुम्ही मेंढरं चारता त्या टेकडावर ऐकू येईल?" सिस्टरनं विचारलं.

"बाई, हे मेंढक्याचे कान हायत."

दिवाळीनंतरची दुपार. मी टेकडावर. घंटी वाजली... तीच, जराशी फुटक्या आवाजाची. मेंढरांनी एकदम माना वर केल्या — सगळ्यांनी, घराकडं. मी कळप तसाच सोडून सुटलो.

दारात सुनीता बसलेली. पुढ्यात विळा. दोन्ही हातांत घंटी धरून हलवत होती... नुसतीच हलवत होती. आवाज न्हाई.

"सकाळी रागात मीच हिच्या आतला वाजणारा लोळा उपटून फेकला, आबा. वाजंना ही... कवाची हलवतीय. तुमी कसे आले?"

विळा पायानं मागं सारला आन शेजारी बसलो. दिवस कलल्यावर तीच म्हणली, "मेंढरं कुठंयत?" मेंढरं आपली आपण अंगणात येऊन उभी होती.

सिस्टर पुढं म्हणली, "भास झाला असेल, आबा." मला झाला असंल. मेंढरांना कसा झाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा वाकवून नवा लोळा बसवला. सुनीताला म्हणलो, "मी वर पोचलो की वाजव." टेकडावरून ती दारात दिसत होती, हात हलत होता... कानावर काही न्हाई. एकाही मेंढरानं मान वर केली न्हाई.

कळप वळवला, खाली आणून घरामागच्या पडीक रानात सोडला. तिथं चारा कमी हाय. घंटी ऐकू येती.