फितीच्या पलीकडे

कॉलेजच्या मुलींना धावायला शिकवणाऱ्या आमच्या बाई फितीपाशी कधीच उभ्या राहिल्या नाहीत. ओहोटी लागली की त्या आम्हाला चिखले गावच्या किनाऱ्यावर न्यायच्या, दोघींच्या हातात फीत द्यायच्या आणि स्वतः काष्टा मारून, काळी छत्री घेऊन फितीच्या बऱ्याच पुढे जाऊन उभ्या राहायच्या. "फीत बघणाऱ्यांसाठी गं," म्हणायच्या, "तुम्ही माझ्यापर्यंत या." त्यामुळे फीत जवळ आली म्हणून आमच्यातली एकही कधी मंदावली नाही. वर्षानुवर्षं मुंबईच्या शर्यतींतून बक्षिसाच्या ढाली येत राहिल्या. कॉलेजातलं कपाट भरलं, मग प्राचार्यांचं टेबलही. बाईंनी त्या ढालींकडे कधी वळून पाहिलं नाही. मला त्यांचा धाकच वाटायचा.

एकदा वेवजीहून एका मुलीचे वडील तिला कायमची घरी न्यायला थेट किनाऱ्यावर आले. "पोरगी उघड्या पायांनी पळते, गाव हसतं," फीत धरून उभ्या असलेल्या आम्हा दोघींना ते म्हणाले. ती समोरून धावत येतच होती. ते हात पसरून आडवे उभे राहिले. तिने फीत तोडली, बापाला वळसा घातला आणि छत्रीपाशी जाऊनच थांबली.

बाई तिथूनच ओरडल्या, "दादा, न्यायचीच असेल तर इथवर या!"

वहाणा हातात घेऊन ते ओल्या वाळूतून गेले. काय बोलणं झालं, ते आम्हाला ऐकू आलं नाही. परतले मात्र एकटेच.

पुढच्या शर्यतीला ते पुन्हा आले. सगळा गाव फितीपाशी दाटला होता. ते त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि बाईंच्या छत्रीशेजारी जाऊन उभे राहिले.