तिकडचा पाऊस

ओल्या तंबाखूचा वास आला की मला निपाणीत मी कामाला होते त्या तंबाखूच्या वखारीतला फोन आठवतो. माझा थोरला भाऊ बेळगावात टेलिफोनच्या टॉवरवर नोकरीला होता. त्यानंच मला एकदा समजावलं होतं, "दोन टॉवरच्या मधे जोराचा पाऊस लागला की आवाज हळूहळू बुडतोय, खरखर येतीया. पाऊस कमी झाला की आपोआप वर येतोय. फोन ठेवायचा न्हाय, थांबायचं." आईचा मोतीबिंदू वाढत चालला होता आणि ऑपरेशनला नेतो, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. आषाढात मी धीर करून वखारीतून ट्रंककॉल लावला. आई माझा पदर धरून शेजारी उभी होती. "अण्णा, आईला कधी नेतोस?" मी विचारलं. आवाज इतका स्वच्छ होता, की तिकडं कुणी चहा मागितलेलाही मला ऐकू आला. "ऐकू येईना गं, लई पाऊस हाय, लाइन चालली," तो म्हणाला. खरखर आली नाही, आवाज बुडाला नाही, फोन ठेवल्याचा खट्ट आवाज तेवढा आला. तरी त्यानं शिकवल्याप्रमाणं मी थांबून राहिले. "काय म्हणतोय?" आईनं विचारलं. "तिकडं पाऊस हाय म्हणं." "मग सरू दे की," ती म्हणाली. पुढं दसरा झाला, तिला माझं तोंडही दिसेनासं झालं, तरी ती विचारायची, "सरला का गं तिकडचा पाऊस?" मी म्हणायची, "न्हाय अजून." आता पावसात लेकाशी मोबाइलवर बोलताना फोन मधेच बंद झाला, तर आवाज बुडत गेला की एकदम तुटला, एवढंच मी आठवून बघते.