पाणकावळ्यांच्या बेटावर तीन मिनिटं

अबुधाबीच्या विमानतळावर उतरले आणि पहिली नजर गेली ती छताकडे. निळ्या-हिरव्या फरश्यांचं भलंमोठं छत मधोमध एका खांबात उतरलेलं, जणू एखादं अवाढव्य अळंबं. बाहेर माझा धाकटा भाऊ वसंता आणि त्याची मुलगी सायली उभे होते.

"हाय आत्या, हाउ वॉज द फ्लाइट?" सायली म्हणाली.

मी मराठीत सांगितलं. तिला सगळं कळलं आणि तिने पुन्हा इंग्रजीतच उत्तर दिलं. पुढचा महिनाभर आमचं बोलणं असंच चाललं. पोरगी तिथेच जन्मलेली, आता युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. मिरजेच्या दवाखान्यातल्या लॅबमधून मी नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांची रक्तं काढली. आता थोडं जग बघू म्हणून निघाले होते.

वसंताचं घर खलिफा सिटीत. तेव्हा तिथे व्हिला कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. रात्री वारा सुटला की सकाळी ओट्यावर वाळूचा पातळ थर. वहिनी तो झाडताना म्हणायची, "वन्सं, तुमच्याकडे पानं पडतात, आमच्याकडे वाळवंट पडतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला स्वयंपाकघरात गेले, तर सायली ओट्यावर कोंबडीची तंगडी ठेवून तिच्यात सुई टोचत बसलेली. डोळे लाल.

"हे काय करतेस गं?"

तिने अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत सांगितलं. इथल्या समुद्रात टँकरचं तेल सांडतं, डांबराचे गोळे बेटांवर वाहून येतात. अशा बेटावर अंडी घालणाऱ्या लोह (तिथला पाणकावळा) पक्ष्यांच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, हा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजायचं. पण पक्षी हातात धरला की तो घाबरतो आणि तीन-एक मिनिटांत ते संप्रेरक रक्तात चढू लागतं. म्हणजे पहिला नमुना त्याच्या आत घ्यायचा. मग पक्षी अर्धा तास कापडी पिशवीत ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. किती चढलं ते त्यावरून कळतं.

"लास्ट ट्रिप, आय वॉज टू स्लो. सगळे सॅम्पल्स वेस्ट." तिने सुई पुन्हा तंगडीत खुपसली. बेटावर जायची परवानगी आता एकाच दिवसाची उरली होती.

"वन्सं, तुम्हीच जा की तिच्याबरोबर," वहिनी म्हणाली.

सायलीचे मार्गदर्शक एक सुदानी पशुवैद्य होते. त्यांनी फोनवर मला एवढंच विचारलं, "मॅडम, आजवर किती जणांचं रक्त काढलंत?"

"मोजलं नाही," मी म्हटलं.

"मग या," ते म्हणाले.

गुरुवारी पहाटे मी, सायली आणि ते डॉक्टर बंदरावर पोचलो. बोट चालवणारे हसनमियां दापोलीकडचे निघाले. वीस वर्षं आखातात, पण मिरजेचं नाव ऐकताच, "अहो, माझ्या आईचं ऑपरेशन मिरजेलाच झालं," म्हणून त्यांनी मला बोटीतली सगळ्यात चांगली गादी दिली. न्याहारीला खुबूस (तंदुरी रोटीसारखी पोळी) आणि थर्मासमधला करक (वेलची घातलेला कडक दुधाळ चहा). पाणी इतकं नितळ की तळाची वाळू आणि तिच्यावर पळणारी बोटीची सावली दोन्ही दिसत होत्या. मिरजेच्या बाईला समुद्राची भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

बेट दिसायच्या आधी वास आला, ओल्या चुन्याचा आणि सुकटीचा. मग दिसली एक लांबलचक काळी पट्टी. मला खडक वाटला. जवळ गेलो तसा खडक हलायला लागला. हजारो पाणकावळे वाळूतच खळगे करून बसलेले आणि त्यांची जवळजवळ वाढ झालेली पिल्लं. किनाऱ्याच्या वाळूत काळे गोळे रुतले होते. हसनमियांनी एक काठीने उकरला. "कुणीतरी टँकरच्या टाक्या धुतल्या असणार," ते म्हणाले. "आमच्या जाळ्यांनाही लागतं हे."

वसाहतीत शिरायचं नाही, फक्त कडेची पिल्लं घ्यायची, अशी डॉक्टरांची ताकीद होती. त्यांनी पहिलं पिल्लू धरून आणलं. सायली घड्याळ बघत मोठ्याने सेकंद मोजू लागली. मी पायाची शीर शोधू लागले आणि पिल्लाने पोटातली सगळी मासळी माझ्या पंजाबी ड्रेसवर ओकून टाकली.

"तारली आहे," हसनमियां शांतपणे म्हणाले. "ताजी दिसते."

तीन मिनिटं गेली. इतक्या वर्षांत शीर सापडली नाही असं माझं क्वचितच झालं होतं. सायली माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"मोजू नकोस," मी तिला म्हटलं. "घड्याळ डॉक्टरांकडे दे. तू फक्त पाय धर आणि अंगठ्याने वर दाब. आणि याचं तोंड आधी समुद्राकडे करा."

दुसऱ्या पिल्लाच्या वेळी डोळ्यांवर रुमाल टाकला. बोटाखाली शीर लागली, दोऱ्याएवढी, पण जिवंत. दोन मिनिटांच्या आत नळी भरली. तिसरं, चौथंही जमलं. पाचव्याच्या वेळी मी सुई सायलीच्या हातात दिली.

"आत्या, आय कान्ट."

"मी इथेच आहे. शीर डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने शोध."

तिने बोटाने चाचपत सुई टेकवली. नळीत लाल रेघ चढली. डॉक्टर म्हणाले, "खलास, झालं." ती माझ्याकडे बघून हसली. मग उरलेली सगळी पिल्लं तिनेच केली. मी पाय धरायचं काम केलं.

काही पिल्लांच्या छातीची पिसं डांबराने चिकटली होती. ती पिल्लं हातात निमूट पडून राहत. चोच मारत नव्हती, ओकत नव्हती. एकाला तर मी मांडीवर घेऊन बसले. "किती शहाणं आहे बघ," मी सायलीला म्हटलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

दोन-अडीच आठवड्यांनी, माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, सायली लॅबमधून आली ती थेट माझ्या खोलीत. कागद पलंगावर पसरून ती शेजारी बसली. स्वच्छ पिल्लांचं संप्रेरक अर्ध्या तासात भराभर चढलं होतं. डांबर लागलेल्यांचं जेमतेम हललं होतं.

"म्हणजे ती कमी घाबरली. बरंच की," मी म्हटलं.

"नाही आत्या." आणि मग शब्द शोधत, थांबत थांबत ती मराठीत बोलली. "घाबरलं की बॉडी ताकद काढते. पळायला, लढायला. यांची बॉडी ती काढूच शकत नाही. पिल्लं खाणारा गल पक्षी आला तरी हे असेच बसणार." थोडं थांबून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, इतक्या कमी पिल्लांवरून नक्की काही सांगता येत नाही. अजून बघायला हवं. पण मला ते तुझ्या मांडीवरचं आठवलं."

मलाही तेच आठवलं होतं. मग वहिनीने जेवायला हाक मारली.

मिरजेला परतले. शेजारपाजारच्या बायका सोनं, मोठमोठी दुकानं यांबद्दल विचारायला आल्या. मी बेटाचं सांगितलं. निम्म्यांना ते खरं वाटलं नाही.

महिन्याभराने समोरच्या नलिनीने तिच्या चार वर्षांच्या मुलीला आणलं. ताप हटत नव्हता आणि लॅबमध्ये ती कुणाला हात लावू देत नव्हती. पोरीने मला लाथ मारली, हाताला चावली, सगळी गल्ली डोक्यावर घेतली. नलिनी बिचारी शरमली. "गप्प बस गं, शहाण्या मुली रडत नाहीत," ती म्हणत होती. हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं म्हणत आले होते.

"रडू दे तिला," मी म्हटलं, "चांगलं आहे," आणि पोरीच्या कोपरातली शीर शोधू लागले.