बंद विहिरींच्या मावशी

अख्ख्या इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या तेलविहिरींची काळजी माझ्या बायकोच्या मावशीइतकी दुसऱ्या कुणी वाहिली नसेल. मावशी कॉव्हेंट्रीला राहतात आणि निवृत्त होईपर्यंत तेलविहिरींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यात होत्या. या देशात मेंढ्यांच्या कुरणांतही तेलविहिरी असतात, हे मला लग्नानंतर त्यांच्यामुळेच कळलं. जी विहीर तेल देईनाशी झाली, तिच्या कंपनीला 'पुन्हा चालू करणार की कायमची बुजवणार, आणि कधी?' हे विचारत राहायचं, हे त्यांचं काम. कंपन्यांना दोन्ही नको असायचं, म्हणून त्या मुदत मागायच्या. "नुसती बंद ठेवली म्हणजे संपलं असं नसतं हो," पहिल्याच भेटीत पोह्यांची बशी माझ्या हातात देत मावशी म्हणाल्या, "आत पाइप गंजतो, गॅस वर येतो. कुणीतरी बघायला नको का?"

हे बघणं ऑफिसच्या वेळेपुरतं नसे. एकदा लेस्टरला लग्नाला निघालो असताना त्यांनी मध्येच गाडी एका चिखलाच्या वाटेला लावायला सांगितली. पैठणीवर रबरी वेलिंग्टन बूट चढवून त्या एका बंद विहिरीच्या कुंपणापाशी गेल्या आणि व्हॉल्व्हला नाक लावून उभ्या राहिल्या. मुहूर्त टळतोय म्हटल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तिथे अक्षता टाकायला दोनशे माणसं आहेत. इथे कोण आहे?"

नॉटिंगहॅमशायरमधल्या एका विहिरीवर मात्र त्यांचा विशेष जीव. ते कुरण एका म्हाताऱ्या, एकट्या शेतकऱ्याचं. कंपनीने चौथ्यांदा मुदत मागितली होती, आणि ती बुडण्याच्या बेतात असल्याची कुणकुण मावशींना लागली होती. कंपनी बुडाली तर विहिरीला वाली उरला नसता. साहेब म्हणाले, "दोन महिन्यांत रिटायर होताय, आता कशाला? सही करून टाका."

"दोनच महिने आहेत, म्हणूनच घाई आहे," मावशी म्हणाल्या.

त्या शनिवारी त्या मला घेऊन तिथे गेल्या. पाऊस नुकताच थांबला होता. विहिरीभोवतीच्या डबक्यात बारीक बुडबुडे येत होते. मावशी गुडघ्यांवर बसून ते बघत राहिल्या, मी मिटलेली छत्री धरून. शेतकरी म्हणाला, "दर पावसात येतात. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही आलं."

"मला का नाही लिहिलंत?"

"तुम्ही आहात हे कुठे माहीत होतं?"

सोमवारी त्यांनी गॅस मोजायला माणसं पाठवली, रिपोर्ट लिहिला आणि साहेबांना मुदत नाकारायला लावली. विहीर बुजवायची तारीख नेमकी त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशीच आली. मावशी केक कापून, भाषणं सुरू व्हायच्या आत निघाल्या आणि शेतकऱ्याशेजारी उभं राहून त्यांनी पाइपात सिमेंट उतरताना बघितलं. पुढे पाइप जमिनीखाली खोलवर कापला गेला, त्यावर पोलादी झाकण बसलं, वर माती आली. वर्षभरातच ती कंपनी बुडाली.

मागच्या वसंतात आम्ही पुन्हा तिथे गेलो. शेतकरी लेकीकडे राहायला गेला होता. कुरण आता एका तरुण बाईंनी घेतलं होतं. मावशी नकाशा हातात धरून बराच वेळ हिंडल्या, पण नेमकी जागा काही सापडेना.

"इथे विहीर होती?" बाईंनी विचारलं. "तेलाची?"

मावशी उत्साहाने सांगू लागल्या: किती खोल होती, डबक्यात बुडबुडे कसे यायचे. बाई हसतमुखाने ऐकत होत्या, पण त्यांची नजर एका लंगडणाऱ्या कोकराकडे होती. मावशींच्या ते लक्षात आलं. त्या वाक्य अर्धवट सोडून थांबल्या, नकाशाची घडी घातली.

"जा तुम्ही, त्याच्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "गवत छान आलंय तुमच्याकडे."

मग माझा हात धरून, जमिनीकडे बघत, त्या हळूहळू फाटकाकडे चालू लागल्या.