आभाळातली बुरशी

पतंग उडवण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धुणारा माणूस मी एकच पाहिला: आमच्या शाळेतले विज्ञानाचे फकी सर. पन्नाशीचे हे गृहस्थ शाळा सुटली की आपल्या चुलत्यांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याच्या गच्चीवर चढायचे आणि पतंगाला एक डबी बांधायचे. रमजानात गोड पदार्थ थिजवायला जे लागतं, त्याच चायना ग्रासचा थर डबीत असे. पतंग चढला की दुसरी दोरी ओढून झाकण उघडायचं. वरच्या हवेतले जीव त्यावर पडावेत, वाढावेत आणि मुलांना डोळ्यांनी दिसावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

"बाई, आभाळ रिकामं नाय हो," ते मला म्हणायचे. "ढगांच्या वर पण कोणतरी राहतं." मी मराठी शिकवणारी, तिथे काय करत होते? तर फिरकी धरत होते.

मुलं आपली चूक एकमेकांवर ढकलू लागली की सरांचं वाक्य ठरलेलं: "पहले अपना हाथ देखो."

दुसऱ्या हिवाळ्यात डबीत निळसर, मखमली बुरशी उगवली. तुलनेसाठी खाली बंद ठेवलेली दुसरी डबी मात्र स्वच्छ! सर टाळ्या पिटत शाळेत आले. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तक्ता मी माझ्या अक्षरात लिहिला: 'आभाळातले जीव'.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला तिसरी डबी दाखवली. ती वर गेलीच नव्हती. तिच्यात फक्त पतंगाच्या दोरीचा तुकडा होता. आणि तीच निळसर बुरशी. दोरी त्यांनी कारखान्यातलं सूत चौपदरी वळून केली होती. लूमवर चढणाऱ्या सुताला मजबुतीसाठी पिठाची खळ लावतात आणि खळीला बुरशी धरते, हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. आम्हालाच सुचलं नाही.

"राहू द्या ना सर, कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"हमको मालूम है ना, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही डब्या शेजारी शेजारी मांडल्या आणि माझ्या तक्त्याखाली लिहिलं, 'ही आमच्या दोरीची बुरशी आहे.' बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. माझ्या त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

निवृत्तीनंतर सर अंथरुणाला खिळले. एकदा मी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन धावतच त्यांच्याकडे गेले. फार उंच फुगे सोडून शास्त्रज्ञ तिथली हवा आणतात आणि तिच्यातही जिवाणू सापडतात, असं छापून आलं होतं. मी मोठ्याने वाचलं. सरांचे डोळे भरून आले.

"मी बोललो होतो ना?" म्हणाले, आणि त्यांनी माझा हात धरला. ती आमची शेवटची भेट. मी निघाले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"बाई, त्यांची दोरी कसली होती?"